पाटीवर नसलेले स्वार

जानेवारी २०२३ मध्ये लास वेगासच्या एका लिलावात १९०८ सालची हार्ले-डेव्हिडसन मोटरसायकल ९ लाख ३५ हजार डॉलरना विकली गेली. एक सिलिंडर, मागचे चाक फिरवणारा चामडी पट्टा, सायकलीची पायडल आणि निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादी पट्ट्यांनी चौकटीला बांधलेली टाकी, एवढाच तिचा संसार. त्या पट्ट्यांमुळेच संग्राहक तिला 'स्ट्रॅप टँक' म्हणतात. त्याआधी २०१५ मध्ये मिनेसोटातील सेंट पॉल येथे बनलेली १९१५ ची एक पिवळी सायक्लोन ८ लाख ५२ हजार ५०० डॉलरना गेली होती. जुन्या यंत्रांसाठी एवढे पैसे मोजणाऱ्यांविषयी माझ्या मनात आकस नाही. त्यांनी आणि त्यांच्यासारख्यांनी ती जपली नसती, तर आज ती आपल्याला पाहायलाही मिळाली नसती. मात्र अशा लिलावांची माहितीपत्रके वाचताना एक गोष्ट मला सतत खटकते. टाकीवरचा रंग मूळचा आहे की नंतर दिलेला, कार्बोरेटर त्याच वर्षीचा आहे की पुढच्या वर्षीचा, याची त्यांत बारीक चिकित्सा असते. त्या यंत्रावर बसून चिखल तुडवणाऱ्या माणसाच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते.

हीच गोष्ट मला संग्रहालयांतही जाणवते. मी मॅसॅच्युसेट्स राज्यात राहतो, त्यामुळे स्प्रिंगफील्ड हे शहर माझ्या जाण्यायेण्यातले आहे. याच शहरात १९०१ मध्ये जॉर्ज हेंडी आणि ऑस्कर हेडस्ट्रॉम या दोघांनी 'इंडियन' मोटरसायकलचा पाया घातला. हेंडी हा उंच चाकाच्या सायकलींच्या शर्यतींतला नामांकित विजेता होता, तर स्वीडनमध्ये जन्मलेला हेडस्ट्रॉम सायकलपटूंना वेग ठरवून देण्यासाठी पुढे धावणारी इंजिनाची दुचाकी वाहने बनवत असे. अमेरिकन मोटरसायकल अशी सायकल शर्यतींच्या मैदानातून जन्माला आली. स्टेट स्ट्रीटवरच्या त्यांच्या जुन्या कारखान्यात आता लोक भाड्याने राहतात, आणि शहराच्या इतिहास संग्रहालयात त्या कारखान्याच्या लाल गाड्या ओळीने मांडलेल्या आहेत. त्या पाहताना मला दरवेळी वाटते की, इथे जे मांडले आहे ते निम्मेच आहे.

असे वाटण्याला तांत्रिक कारण आहे. माझा व्यवसाय यंत्र अभियंत्याचा, त्यामुळे मला हे ठामपणे म्हणता येते की, पहिल्या पंधरा-वीस वर्षांतली मोटरसायकल हे पूर्ण यंत्र नव्हतेच. आज जी कामे यंत्र स्वतः करते, त्यांतली बरीचशी तेव्हा स्वाराच्या हातापायांवर आणि कानांवर सोपवलेली होती. अगदी आरंभीच्या इंजिनांत पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आत घेणारा व्हॉल्व्ह उघडण्यासाठी वेगळी योजना नसे. पिस्टन खाली जाताना निर्माण होणाऱ्या ओढीनेच तो एका हलक्या स्प्रिंगला न जुमानता उघडे. ठिणगी केव्हा पडावी, हे स्वार हाताने ठरवी: इंजिन सुरू करताना उशिरा, वेग वाढू लागला की लवकर, चढणीवर इंजिन ठोके देऊ लागले की पुन्हा थोडी उशिरा. यात चूक झाली, तर सुरू करतानाच पायाला उलटा झटका बसे. तेलाचे काम तर याहून नाजूक होते. इंजिनात गेलेले तेल परत टाकीकडे येत नसे. ते जळून किंवा रस्त्यावर ठिबकून संपून जाई. त्यामुळे पुष्कळ गाड्यांवर स्वाराला ठरावीक अंतराने हातपंप दाबून नवे तेल सोडावे लागे. तेल कमी पडले तर पिस्टन जाम होई आणि जास्त झाले तर प्लग काजळून ठिणगी बंद पडे. बरोबर किती, हे चढणीवर, उतारावर, थंडीत आणि उन्हात वेगवेगळे असे आणि ते सांगणारा कोणताही काटा समोर नसे.

माझ्या वडिलांच्या राजदूतच्या टाकीत पेट्रोलबरोबर तेलही मोजून घालावे लागे आणि महिन्या-दोन महिन्यांनी प्लग काढून पॉलिश पेपरने घासावा लागे, हे पाहत मी मोठा झालो. त्यामुळे काजळलेला प्लग म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. परंतु राजदूतमध्ये एकदा मिश्रण जमले की पुढचा विचार इंजिन करी. १९०५ च्या स्वाराला तो विचार मैलोन्‌मैल चालू ठेवावा लागे.

शिवाय चामड्याचा पट्टा पावसात भिजून सैल पडे आणि कप्पीवर घसरू लागे. हेडस्ट्रॉमने इंडियनला पहिल्यापासून साखळी दिली, हे त्याचे मोठेपण. पण इतर अनेक कारखाने पुढची कित्येक वर्षे पट्ट्यालाच चिकटून राहिले. दिव्यासाठी कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यांवर थेंब थेंब पाणी पाडून ॲसिटिलीन वायू तयार करावा लागे आणि तो काडी लावून पेटवावा लागे. आणि हे सारे कोणत्या रस्त्यांवर? १९०४ मध्ये अमेरिकेच्या सरकारी खात्याने देशातल्या ग्रामीण रस्त्यांची मोजदाद केली, तेव्हा साडेएकवीस लाख मैलांपैकी जेमतेम ७ टक्के रस्त्यांवर खडी, मुरूम किंवा तत्सम काही घातलेले आढळले. उरलेले सारे मातीचे होते. पावसाळी दिवसांत त्यांत चाके आसापर्यंत रुतत, आणि उन्हाळ्यात बैलगाड्या-घोडागाड्यांच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या कडक होत.

अशा रस्त्यांवरून इंजिनाच्या बळावर अमेरिका खंड ओलांडणारा पहिला माणूस कोण, असे विचारले, तर वाहनांच्या इतिहासाची आवड असणारे बहुतेक जण होरेशियो नेल्सन जॅक्सन या डॉक्टरचे नाव घेतील. जॅक्सनने २३ मे १९०३ रोजी सॅन फ्रान्सिस्को सोडले, सोबत एक मेकॅनिक घेतला, वाटेत एक कुत्रा घेतला आणि ६३ दिवसांनी २६ जुलैला तो आपल्या विंटन मोटारीतून न्यूयॉर्कला पोहोचला. ती मोटार आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. परंतु त्याच्या २० दिवस आधी, ६ जुलैला, जॉर्ज वायमन नावाचा एक सायकलपटू त्याच सॅन फ्रान्सिस्कोहून निघून ५० दिवसांत न्यूयॉर्कला पोहोचला होता. त्याच्याजवळ 'कॅलिफोर्निया' नावाची मोटरसायकल होती: सायकलीच्या चौकटीत बसवलेले सव्वा अश्वशक्तीचे इंजिन, चामड्याचा पट्टा आणि पायडल. सोबतीला मेकॅनिक नव्हता, कुत्राही नव्हता.

वायमनने आपल्या प्रवासाची हकिगत त्याच वर्षी एका मोटरसायकलविषयक मासिकात क्रमशः लिहिली, आणि त्या काळातले मोटरसायकलविषयक इतके प्रांजळ लेखन मी दुसरे वाचलेले नाही. सिएरा नेव्हाडाच्या पर्वतरांगेत रस्ता बर्फाने आणि चिखलाने बंद झाल्यावर तो रेल्वेमार्गावर चढला. रुळांवर बर्फ साचू नये म्हणून रेल्वेने मैलोन्‌मैल लाकडी छपरे बांधलेली होती. त्या काळोख्या, धुराने भरलेल्या बोगद्यांतून तो गाडी रेटत गेला. पुढून किंवा मागून आगगाडी आली, तर अंग चोरून भिंतीला चिकटण्याखेरीज उपाय नव्हता. पुढे नेव्हाडा आणि यूटाच्या वाळवंटातही वाळूपेक्षा रुळांमधले लाकडी स्लीपरच बरे, असे ठरवून त्याने निम्म्याच्या आसपास प्रवास रेल्वेमार्गाने केला. स्लीपरवरून मोटरसायकल चालवणे म्हणजे दर दोन फुटांवर एक धक्का, तासन्‌तास, दिवसेंदिवस. रात्री रेल्वे कामगारांच्या चौक्यांवर जे मिळेल ते खाऊन तो झोपे. पट्टा पुनःपुन्हा तुटे आणि तो पुनःपुन्हा सांधे. शिकागोच्या अलीकडे क्रँकशाफ्टच मोडला, तेव्हा नवा येईपर्यंत त्याला थांबावे लागले. न्यूयॉर्क राज्यात, ऑल्बनीच्या पुढे, इंजिनाने अखेरची मान टाकली. तेव्हा उरलेले सुमारे दीडशे मैल त्याने ती जड गाडी पायडल मारत नेली.

ते शेवटचे दीडशे मैल काही जाणकार त्याच्या पराक्रमातील उणीव म्हणून सांगतात. मला ते त्या यंत्राचे सर्वांत खरे वर्णन वाटते. निर्मात्याने पायडल ठेवली होती ती याचसाठी. इंजिनाचे बळ संपेल तिथे माणसाचे बळ सुरू व्हावे, हे त्या रचनेतच गृहीत धरलेले होते, आणि वायमनने ते गृहीत शेवटपर्यंत निभावले. जॅक्सनपाशी पैसा होता, पन्नास डॉलरच्या पैजेची गोष्ट होती आणि छायाचित्रात शोभणारा कुत्रा होता. त्याची कीर्ती टिकली. त्याच्याआधी वीस दिवस पोहोचलेला माणूस पुढची कित्येक दशके जवळजवळ विस्मृतीत गेला.

यंत्र आणि माणूस यांची अशी फारकत ज्याच्या बाबतीत करताच येत नाही, असा एक माणूस मात्र त्या पिढीत होता. न्यूयॉर्क राज्यातल्या क्यूका सरोवराकाठी, द्राक्षमळ्यांच्या प्रदेशात, हॅमंड्सपोर्ट नावाचे गाव आहे. तिथला सायकल दुकानदार ग्लेन कर्टिस याने आपल्या पहिल्या इंजिनासाठी टोमॅटोच्या रिकाम्या डब्याचा कार्बोरेटर केला होता. पाच-सहा वर्षांत त्याची इंजिने इतकी हलकी आणि भरवशाची झाली की, हवाई जहाजे बनवणारे त्यांची मागणी करू लागले. त्यांच्यासाठी बनवलेले आठ सिलिंडरचे, ४० अश्वशक्तीचे इंजिन एका लांबलचक चौकटीत बसवून जानेवारी १९०७ मध्ये तो फ्लोरिडातल्या ऑर्मंड बीचच्या कठीण वाळूवर उतरला आणि एक मैल अंतर त्याने ताशी १३६ मैलांहून अधिक वेगाने कापले. परतीच्या फेरीत चाकाला गती देणारा दांडा तुटला, तरी तो जिवंत राहिला. त्या दिवशी पृथ्वीच्या पाठीवर त्याच्याइतक्या वेगाने गेलेला दुसरा माणूस नव्हता. पुढच्याच वर्षी ४ जुलैला त्याने 'जून बग' हे विमान जाहीर प्रेक्षकांसमोर एक किलोमीटरहून दूर उडवून दाखवले. विमानांच्या इतिहासात कर्टिसला मानाचे पान आहे, आणि ते रास्तच आहे. पण त्याचे हात तयार झाले ते मोटरसायकलवर, हे तिथे घाईघाईने सांगितले जाते.

आता ज्या भागाविषयी लिहिणे मला जड जाते, तो भाग. १९०९ च्या सुमारास जॅक प्रिन्स या इंग्लंडहून आलेल्या जुन्या सायकलपटूने लाकडी मार्ग बांधण्याचा सपाटा लावला. सायकल शर्यतींसाठी असे मार्ग पूर्वीपासून होते. प्रिन्सने ते मोटरसायकलींसाठी मोठे आणि अधिक उभे केले. दोन इंच बाय चार इंचांच्या हजारो लाकडी पट्ट्या कडेवर उभ्या ठोकून गोलाकार मार्ग तयार होई. काही ठिकाणी त्याचा उतार साठ अंशांच्या आसपास असे, म्हणजे जवळजवळ भिंतच. प्रेक्षक या वाडग्याच्या वरच्या काठाशी, कठड्यालगत उभे राहून खाली वाकून पाहत. शर्यतीच्या गाड्यांना ब्रेक नसत. पुष्कळांना वेग कमी-जास्त करण्याची सोयही नसे. इंजिन पूर्ण ताकदीने चाले, आणि वेग कमी करायचा तर बटण दाबून ठिणगी तेवढी क्षणभर तोडायची. तेल परत न येणारी ती इंजिने मार्गावर तेलाची धार सांडत आणि लाकूड निसरडे होई. पडणाऱ्याच्या अंगात लाकडाच्या कपच्या घुसत. १९१२ च्या अखेरीस ली ह्युमिस्टनने कॅलिफोर्नियातल्या अशा एका मार्गावर ताशी १०० मैलांचा वेग गाठला, तोही एक्सेलसियर मोटरसायकलवर, आजच्या अर्थाने संरक्षक म्हणता येईल असे फारसे काही अंगावर नसताना.

८ सप्टेंबर १९१२ रोजी न्यू जर्सीतल्या नेवार्क शहराच्या व्हेल्सबर्ग भागात, त्याच वर्षी बांधलेल्या मार्गावर एडी हाशा हा टेक्सासचा तरुण स्वार धावत होता. त्याच्या गाडीने अचानक उसळी घेतली आणि ती वरच्या कठड्याला घासत गेली. कठड्यावरून वाकून पाहणाऱ्यांत लहान मुले होती. हाशा, मागून येणारा जॉनी ऑलब्राइट आणि प्रेक्षकांतले सहा जण त्यात मरण पावले. दुसऱ्या दिवशी मोठ्या वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर ती बातमी झळकली. पुढच्याच उन्हाळ्यात केंटकीतल्या लडलो येथे एक गाडी दिव्याच्या खांबावर आदळून पेट घेतला आणि पुन्हा प्रेक्षकांचे बळी गेले. यानंतर लहान मार्गांची लोकप्रियता ओसरू लागली. वृत्तपत्रे या मार्गांना खुनी म्हणू लागली होती.

या शर्यतींच्या छायाचित्रांची आज भिंतीवर लावायच्या मोठ्या प्रती विकल्या जातात. त्यांत धूसर पार्श्वभूमीवर पुढे झुकलेले, तेलाने माखलेले चेहरे दिसतात. हे स्वार विशीतले होते, त्यांना पैसे बरे मिळत, गर्दी त्यांच्या नावाचा गजर करी, आणि कारखान्यांना त्यांच्या विजयाच्या जाहिराती छापता येत. जेक डीरोझिए याचे उदाहरण घ्या. इंडियनसाठी असंख्य शर्यती जिंकलेल्या या माणसाने १९११ च्या जुलैमध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलंड्स येथे तिथल्या चार्ली कॉलियरला तीनपैकी दोन फेऱ्यांत हरवले. त्याच उन्हाळ्यात आइल ऑफ मॅन या बेटावरच्या शर्यतीत इंडियनने पहिले तिन्ही क्रमांक पटकावले होते. साखळी आणि दोन गतींचा गिअर यांमुळे डोंगराळ मार्गावर त्या गाड्या पट्ट्याच्या ब्रिटिश गाड्यांना सरस ठरल्या. डीरोझिए पुढे एक्सेलसियरकडे गेला. १९१२ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसच्या लाकडी मार्गावर त्याला अपघात झाला, आणि त्या जखमांनी वर्षभराने, शस्त्रक्रियांनंतर, त्याचा अंत झाला. रे वाइशार या हार्लेच्या स्वाराचेही तेच. १९२० मध्ये इंडियाना राज्यातल्या मॅरियन येथील २०० मैलांची शर्यत त्याने जिंकली, आणि चमूच्या लाडक्या डुकराच्या पिलासोबतचे त्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. 'हॉग' हे हार्लेला चिकटलेले नाव त्या पिलापर्यंत मागे नेले जाते. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात कंपनीची ओळखही आज HOG या त्याच तीन इंग्रजी अक्षरांनी होते. वाइशार १९२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या ॲस्कॉट मैदानावर शर्यतीत मरण पावला. पिलू बोधचिन्ह होऊन राहिले.

स्त्रियांच्या वाट्याला आलेली विस्मृती याहून वेगळ्या जातीची होती. १९१५ मध्ये ब्रुकलिनची एफी हॉचकिस साइडकारमध्ये आपल्या आईला, एव्हिसला, बसवून हार्लेवरून सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनाला गेली. वाटेत ट्यूब संपल्या, तेव्हा तिने घोंगडी कापून, तिची वळकटी टायरमध्ये भरून गाडी पुढे काढली. अटलांटिकचे पाणी बाटलीतून नेऊन त्या मायलेकींनी ते पॅसिफिकमध्ये ओतले, आणि मग दोघी त्याच गाडीने परत निघाल्या.

पुढच्या वर्षी ऑगस्टा आणि ॲडलीन व्हॅन ब्युरेन या बहिणी निघाल्या, आणि त्यांचा हेतू सहलीचा नव्हता. युरोपात महायुद्ध चालू होते, अमेरिका त्यात उतरणार अशी चिन्हे होती, आणि सैन्यात मोटरसायकलवरून निरोप पोहोचवण्याचे काम स्त्रियाही करू शकतात, म्हणजे तेवढे पुरुष लढाईसाठी मोकळे होतील, हे त्यांना सिद्ध करायचे होते. १९१६ च्या जुलैच्या आरंभी प्रत्येकीने एकेक इंडियन पॉवरप्लस घेऊन ब्रुकलिन सोडले. एका गाडीची किंमत २७५ डॉलर होती. त्या चामड्याच्या विजारी घालून होत्या, आणि शिकागोच्या पश्चिमेला लहान लहान गावांत त्यांना पोलिसांनी अनेकदा अडवले, ते वेगासाठी नव्हे. पुरुषी कपडे घातल्याबद्दल. ऑगस्टमध्ये कोलोरॅडोतल्या १४ हजार फुटांहून उंच असलेल्या पाइक्स पीकच्या माथ्यावर त्या गाड्यांसह पोहोचल्या. स्वतः मोटर वाहन चालवत तिथे जाणाऱ्या त्या पहिल्या स्त्रिया. रॉकी पर्वतात पावसाने रस्ता असा काही झाला की, रुतलेल्या गाड्या जागीच सोडून त्यांना गिलमन या खाणकामगारांच्या गावापर्यंत चालत जावे लागले. तिथल्या कामगारांनी त्यांना जेवू घातले आणि गाड्या चिखलातून काढून दिल्या. सॉल्ट लेक सिटीच्या पश्चिमेला वाळवंटात त्या वाट चुकल्या आणि त्यांच्याजवळचे पाणी संपले. खनिजे शोधत हिंडणारा एक माणूस देवासारखा भेटला म्हणून त्या वाचल्या. सप्टेंबरमध्ये त्या लॉस एंजेलिसला पोहोचल्या. साठेक दिवस आणि साडेपाच हजार मैल झाले होते.

त्यानंतर काय झाले? मोटरसायकलविषयीच्या एका प्रमुख नियतकालिकाने गाडीची वाखाणणी केली आणि बहिणींचा प्रवास सुट्टीतली हौस असल्यासारखा मांडला. डेन्व्हरमधल्या एका वृत्तपत्राने तर देशसेवेचे निमित्त करून या स्त्रिया अंगप्रदर्शन करीत आहेत, असा सूर लावला. सैन्याने ॲडलीनचा अर्ज नाकारला. चिखल, वाळवंट आणि शिखर या सगळ्यांतून गाडी गेली, म्हणून गाडी उत्तम, हा निष्कर्ष छापणाऱ्यांना ती कोणी नेली, हे सांगण्यात अडचण वाटत होती. मी वर म्हटले ते यंत्र आणि माणसाचे निम्मे-निम्मे नाते इतक्या उघडपणे मोडलेले मला दुसरीकडे आढळत नाही. बहिणी मात्र थांबल्या नाहीत. ॲडलीनने न्यूयॉर्क विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. ऑगस्टा विमान चालवायला शिकली आणि अमेलिया इअरहार्टशी निगडित असलेल्या महिला वैमानिकांच्या 'नाइन्टी-नाइन्स' या संघटनेची सदस्य झाली. अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनच्या मानकऱ्यांच्या यादीत त्यांची नावे २००२ मध्ये आली, आणि २०१६ मध्ये त्यांच्या प्रवासाच्या शताब्दीनिमित्त स्त्री-स्वारांचा मोठा तांडा ब्रुकलिनहून सॅन फ्रान्सिस्कोला गेला.

या स्वारांची आठवण काढताना एका गोष्टीचे भान मला ठेवावे लागते. वायमन किंवा हाशा यांच्याइतकेच त्या काळाचे प्रतिनिधी असलेले, पण कुठलाही विक्रम न केलेले हजारो लोक होते: खेड्यापाड्यांत टपाल वाटणारे, कारखान्याच्या पाळीवर जाणारे, गस्त घालणारे पोलीस. १९१३ मध्ये एकट्या इंडियनने सुमारे ३२ हजार गाड्या बनवल्या. त्या काही शर्यतपटूंनी घेतल्या नव्हत्या. घोडा पाळणे परवडत नाही आणि मोटार तर त्याहून परवडत नाही, अशा माणसाचे ते वाहन होते. फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये निघाली, तेव्हा तिची किंमत ८०० डॉलरच्या वर होती. १९२५ पर्यंत ती २६० डॉलरवर आली, म्हणजे व्हॅन ब्युरेन बहिणींनी घेतलेल्या इंडियनपेक्षाही स्वस्त. छप्पर असलेली मोटार जवळपास त्याच पैशात मिळू लागल्यावर साध्या कुटुंबाने मोटरसायकल का घ्यावी, याला उत्तर उरले नाही. एकेक कारखाना बंद पडत गेला. इंडियन १९५३ पर्यंत कशीबशी चालली.

यंत्रही दरम्यान बदलले. इंडियनने १९१४ मध्येच विजेवर सुरू होणारी गाडी काढून पाहिली होती. त्या वेळच्या बॅटऱ्या धक्क्यांत टिकेनात, म्हणून ती कल्पना सोडून द्यावी लागली. मात्र दिशा ठरली होती. व्हॉल्व्ह यंत्राने उघडू लागले, पायडल गेली, तेल आपोआप खेळू लागले. प्रत्येक सुधारणेने स्वाराच्या हातातले एकेक काम कमी केले, आणि मी ज्या व्यवसायात आहे त्याचे उद्दिष्टच ते असल्याने त्याची खंत करण्याचा अधिकार मला नाही. परंतु ते कसब कसे होते, हे निव्वळ वाचून कळणार नाही, असे मला नेहमी वाटत आले आहे. म्हणून मला काचेमागच्या गाड्यांपेक्षा धावणाऱ्या गाड्या अधिक मोलाच्या वाटतात, मग धावताना त्यांचा मूळ रंग उडाला तरी चालेल.

सुदैवाने असे मानणारे इतरही आहेत. २०१० मध्ये १९१६ पूर्वीच्या मोटरसायकलींची एक खंडपार फेरी निघाली: अटलांटिक काठावरच्या किटी हॉकपासून पॅसिफिक काठावरच्या सांता मोनिकापर्यंत. तिचे नाव कॅननबॉल बेकर या स्वाराच्या नावावरून ठेवलेले आहे, ज्याने १९१४ मध्ये सॅन दिएगो ते न्यूयॉर्क हे अंतर इंडियनवरून साडेअकरा दिवसांत कापले होते. फेरीतल्या लोकांच्या हाती डांबरी रस्ते होते, सोबत सुट्या भागांनी भरलेल्या गाड्या होत्या, तरीही रात्र रात्र जागून, मुक्कामाच्या ठिकाणी वाहनतळावर इंजिने उघडून बसावे लागले. सगळ्यांच्या गाड्या शेवटपर्यंत पोहोचल्या नाहीत. तेव्हापासून ही फेरी पुनःपुन्हा निघत आली आहे, आणि जुन्या गाड्या घेऊन येणाऱ्यांना मुलुखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आपापल्या इंजिनाचा आवाज ऐकून हातपंप केव्हा दाबायचा, ते पहिल्यापासून शिकावे लागते.